गावच्या तलावावर आठवीच्या मुलांची अभ्याससहल: दिवस कसा आखावा?

प्रश्न : शिक्षिका, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. यंदा आठवीत ४४ मुले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाचे सुचवले आहेत. त्यांतला निदान एक दिवस गोड्या पाण्याच्या परिसंस्थेसाठी द्यावा, असे आमच्या मुख्याध्यापकांचे व माझे ठरले आहे.

मागच्या वर्षीचा अनुभव मात्र फारसा बरा नव्हता. एका सहल-व्यावसायिकाकडून आम्ही मार्गदर्शक घेतला होता आणि एका मोठ्या जलाशयावर गेलो होतो. पोचायलाच साडेदहा वाजले. मार्गदर्शकाने काठावर उभे राहून पंधरा-वीस पक्ष्यांची नावे सांगितली आणि ती मुलांनी वहीत उतरवून घेतली. त्यानंतर गटागटाने फोटो झाले, चिवडा-केळी झाली आणि दीड वाजता आम्ही परतीला लागलो. दुसऱ्या दिवशी लिहून आलेले सगळे निबंध जवळपास सारखेच होते, कारण फळ्यावरची यादी उतरवावी तशी सगळ्यांनी तीच यादी उतरवली होती. पाण्याला एकाही मुलाने हात लावलेला नव्हता. त्यात मार्गदर्शकापेक्षा माझीच चूक अधिक होती, कारण त्या दिवसात मुलांनी नेमके काय करायचे हे मी आधी ठरवलेच नव्हते.

या वेळी माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. एक नवेगावबांधच्या मोठ्या तलावाचा, जो सर्वांना माहीत आहे, ज्याच्या भोवती डोंगर आहेत आणि हिवाळ्यात जिथे पक्षी भरपूर असतात. दुसरा आमच्याच गावचा मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या (जुन्या गावजमीनदारांच्या) काळातला. शाळेपासून तो पायी वीस मिनिटांवर आहे, त्याच्या एका अंगाला बेशरम नावाचे तण माजले आहे आणि दुसऱ्या अंगाला अजून कमळे आहेत. पालकांचे म्हणणे असे की गावचा तलाव मुले रोजच पाहतात, त्याला सहल कशी म्हणायची? मला स्वतःला गावच्या तलावाकडे ओढ वाटते, पण पाच-सहा तास मुलांना तिथे गुंतवून ठेवेल असे काम काय द्यावे, हे सुचत नाही. आमच्याकडे एक साधे सूक्ष्मदर्शक, पीएच-पट्ट्या आणि दोन तापमापक एवढेच साहित्य आहे. कृपया अनुभवातून सांगावे.

उत्तर १ : निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापक, भंडारा

ताई, गावचाच तलाव घ्या. पालकांना सांगा की मुले तलाव रोज पाहतात हे खरे, पण पाळीवरूनच, म्हणजे तलावाच्या बांधावरूनच, पाहतात. पाण्याच्या आतले त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल.

माझे पहिले सांगणे वेळेविषयी आहे. दहा वाजता पोचून एक वाजता निघणारी सहल गोड्या पाण्याच्या अभ्यासाला निरुपयोगी असते, कारण तलावात दिवसभरात जो सर्वांत मोठा बदल होतो तो तुमच्या हातून निसटलेला असतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, पण वनस्पती, मासे, किडे आणि चिखलातले जिवाणू यांचे श्वसन चालूच राहते. त्यामुळे पाण्यात विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. ऊन चढते तसा तो वाढत जातो आणि पाणवनस्पती दाट असतील तर दुपारी बराच वर जातो. पीएचचेही तसेच आहे : वनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, म्हणून दुपारी पीएच सकाळपेक्षा चढलेला सापडतो. तुमच्याकडे पट्ट्या आहेतच. प्राणवायू मोजण्याचा विंकलर पद्धतीचा संच जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून एका दिवसासाठी मागून घ्या. त्यातला तपकिरी साका बसताना मुले फार एकाग्र होऊन पाहतात. मात्र त्यातली रसायने शिक्षकानेच हाताळावीत. सूर्योदयानंतर लगेच आणि दुपारी एकच्या सुमारास, त्याच खुंटाजवळ, तेवढ्याच खोलीवर असे दोनदा मोजायचे. मधले पाच-सहा तास कसे भरायचे ही चिंता मग उरत नाही, कारण दुपारचा आकडा काय येईल याचा अंदाज प्रत्येक गटाने सकाळीच लिहून दिलेला असतो आणि तो पाहिल्याशिवाय कोणी घरी जायला तयार होत नाही. एक संदर्भ जवळ ठेवा : २० अंश सेल्सिअसला हवेशी समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो आणि ३० अंशांना साडेसातच्या आसपास. उन्हाळ्यात मासे तोंड वर काढून का तरंगतात, हे या दोन आकड्यांवरून मुलांना स्वतःच मांडता येते.

दुसरे काम गढूळपणा मोजण्याचे. जुन्या डब्याचे २० सेंटिमीटर व्यासाचे झाकण घ्या, त्याचे चार भाग आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवा, खाली दगड बांधा आणि दर दहा सेंटिमीटरला गाठ मारलेल्या दोरीने ते पाण्यात सोडा. दिसेनासे झाले की गाठी मोजायच्या. ही सेक्की तबकडी. आंजेलो सेक्की हे इटलीतले धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञ होते आणि १८६५ साली त्यांनी भूमध्य समुद्रात पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी सोडून पाहिली होती. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या माणसाने पाण्यात झाकण सोडावे, ही गोष्ट मुलांना नेहमी आवडते.

तिसरे काम मला सर्वांत प्रिय आहे. चहाची मोठी गाळणी बांबूच्या काठीला घट्ट बांधा आणि प्रत्येक गटाला एक पांढरे ताट द्या. काठाजवळच्या पाणवनस्पतींच्या मुळाशी गाळणी तीन-चार वेळा फिरवून आलेला ऐवज ताटातल्या स्वच्छ पाण्यात उलटा करा आणि दोन मिनिटे कोणी हात लावू नका. आधी नुसता गाळ व पालापाचोळा दिसतो. मग एखादी काडी चालायला लागते, आणि ती काडी म्हणजे पाणविंचू निघतो. गाळातून चतुराचे पिल्लू एकदम पुढे झेपावते, कारण ते गुदमार्गात घेतलेले पाणी जोराने मागे फेकते. त्याचा खालचा ओठ घडी घालून चेहऱ्याखाली ठेवलेला असतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुढे सुटतो. टाचणी या चतुरासारख्याच पण बारीक कीटकाच्या पिल्लाला शेपटीशी पानांसारखे तीन कल्ले असतात. मेफ्लाय या कीटकाच्या पिल्लालाही बहुधा तीन शेपट्या असतात, पण त्या बारीक तंतूंसारख्या, आणि कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना. या दोघांत मुले पहिल्या तासाभरात हमखास गोंधळतात. गोंधळू द्या, भिंग हातात द्या आणि नाव लगेच सांगू नका.

हेच ताट बेशरमीच्या बाजूला आणि कमळांच्या बाजूला असे दोन्हीकडे भरा. जिथे गाळ कुजतो आणि प्राणवायू कमी असतो तिथे लालभडक, बारीक अळ्या अधिक सापडण्याची शक्यता असते. त्या कायरोनॉमिड माशीच्या. त्यांच्यात हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या लाल दिसतात आणि म्हणूनच कमी प्राणवायूत तगतात. एकाच तलावाची दोन ताटे शेजारी-शेजारी ठेवता आली तर प्रदूषणावर वेगळे भाषण करावे लागत नाही.

पाहून झालेले जीव त्याच जागी, त्याच पाण्यात सोडावेत. एका तलावातले दुसऱ्यात कधीही नेऊ नयेत, आणि गाळण्या व बादल्या वाळवल्याशिवाय दुसरीकडे वापरू नयेत.

उत्तर २ : मत्स्य सहकारी संस्थेची सदस्य, साकोली परिसर

मॅडम, मी मासेमारी करणाऱ्या धीवर समाजाची आहे आणि आमच्या संस्थेकडे तीन तलाव ठेक्याने आहेत. सरांनी सांगितले ते सगळे योग्यच आहे, परंतु एक गोष्ट राहिली म्हणून लिहिते. बहुतेक मालगुजारी तलावांत मासेमारीचा ठेका कोणत्या ना कोणत्या संस्थेकडे असतो. पाण्यात गाळण्या फिरवण्याआधी त्या संस्थेला विचारावे. ही केवळ परवानगीची बाब नाही. तुम्हाला मार्गदर्शक हवा असेल तर तो बाहेरून आणण्याची गरज नाही, कारण तो तुमच्याच गावात सकाळी पाच वाजता डोंगा (लहान होडी) काढतो. फक्त त्याचा अर्धा दिवस मोडतो हे लक्षात घेऊन त्याला मानधन द्यावे. बाहेरच्या मार्गदर्शकाला पाकीट आणि आमच्या माणसाला नारळ, असे पुष्कळदा होते.

आमच्याकडची बाई किंवा माणूस मुलांना काय दाखवू शकेल ते सांगते. तलावाचे पाणी शेतात सोडण्याचे दार, ज्याला तुडुम म्हणतात, ते कुठे आहे आणि जादा पाणी जाण्याचा सांडवा, म्हणजे सलंग, कुठे आहे, हे आधी दाखवावे. वरच्या तलावाच्या सलंगीचे पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत (लहान तळ्यात) उतरते, आणि पहिल्या मोठ्या पावसात मासे त्याच वाटेने उलटे वर चढतात. सलंगीवर जाळी किंवा उंच भिंत घातली की ही वाट बंद होते. त्यानंतर तलावात कोणते मासे राहतात आणि कोणते हळूहळू दिसेनासे होतात, हे जुन्या माणसांना विचारण्यासारखे आहे. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज आम्ही दरवर्षी बाहेरून आणून सोडतो. मरळ आणि शिंगी मात्र तलावात स्वतः वाढतात. मरळीची जोडी पिलांची राखण करते. पाण्यावर लालसर पिलांचा थवा आणि त्याखाली सावलीसारखी मोठी मासोळी दिसली की आम्ही तिथे जाळे टाकत नाही.

बेशरमीविषयीही लिहिते. ती पाण्यातही जगते आणि वाळलेल्या तळातही. वरून कापली की खोडाच्या तुकड्यातून पुन्हा फुटते. काढायची असेल तर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मुळासकट काढावी लागते आणि काढलेले तुकडे पाण्यापासून दूर नेऊन वाळवावे लागतात. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने आमच्या भागातल्या धीवर बायांनी हे काम केले आहे. बेशरम काढायची, तळ नांगरायचा आणि पावसाच्या तोंडावर हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा पाण्यातल्या वनस्पती लावायच्या, असा तो क्रम. बांधीत (धानाच्या शेतात) रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, करावा तशी तलावात वनस्पती लावायची, हे ऐकून सुरुवातीला गावातली माणसे हसली होती. पण माशाला अंडी चिकटवायला, पिलांना लपायला आणि खायला ही झाडेच लागतात. म्हणून गवत्या मासा सोडण्यास आम्ही तयार नसतो. तो वजनाने लवकर भरतो हे खरे, परंतु पाण्यातली झाडे तोच खाऊन टाकतो.

तुमच्या मुलांत आमच्या समाजाचीही असतील. त्यांना त्या दिवशी गटप्रमुख करा. वर्गात मागे बसणारी मुले पाण्यावर पुढे असतात.

उत्तर ३ : माध्यमिक शिक्षक, अकोला जिल्हा

चर्चा वाचून हेवा वाटला. आम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. आमच्याकडे भूजलच खारे आहे, आणि मालगुजारी तलाव ही गोष्ट आम्ही केवळ पुस्तकात वाचलेली. शेततळी आहेत, पण त्यांत प्लास्टिकचे अस्तर असते आणि त्याच्या कडेवरून मूल घसरले तर त्याला वर येता येत नाही, म्हणून तिथे मुलांना नेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे.

तरीही प्राध्यापकांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. गावचाच तलाव पाहा हे ठीक, पण मुलांना दुसरे पाणी दाखवले नाही तर आपले पाणी कसे आहे हे त्यांना कळणार कसे? आम्ही दोन वर्षांपूर्वी मुलांना मेळघाटात सिपना नदीवर नेले होते. वाहत्या पाण्यातले दगड उलटे केले तेव्हा त्यांच्या खालच्या बाजूला वाळूच्या कणांची घरटी चिकटलेली होती आणि त्यांत कॅडिसफ्लाय या कीटकाच्या अळ्या होत्या. ती घरटी पाहिल्यावर परतताना आमच्या गावच्या नाल्यापाशी मुलांनी आपणहून गाडी थांबवायला लावली आणि तिथले दगड उलटे करून पाहिले. तिथे काहीच नव्हते. सिपना पाहिली नसती तर नाल्यात काही असायला हवे होते, हे त्यांच्या मनातही आले नसते. तेव्हा शक्य असल्यास नवेगावबांध वगळू नये, असे माझे मत आहे.

उत्तर ४ : पालक, तुमसर

दोन व्यावहारिक गोष्टी. पहाटे सहाला मुलांना काठावर न्यायचे असेल तर मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय आधी पाहा. आमच्या मुलीच्या शाळेने ती पाहिली नव्हती आणि मुली पाणी न पिता सहा तास उन्हात होत्या. आणि बाहेरगावी जाणार असाल तर शालेय सहलींना एसटी सवलतीच्या दरात मिळते. आगारात लवकर अर्ज करा, कारण डिसेंबर-जानेवारीत सगळ्या शाळा एकाच वेळी मागणी करतात.

उत्तर ५ : निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापक, भंडारा

अकोल्याच्या सरांचा आक्षेप मान्य आहे. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे, असे समजावे. आधी गावचा तलाव नोव्हेंबर-डिसेंबरात एकदा आणि पाणी उतरल्यावर मार्चमध्ये पुन्हा, आणि मध्ये जानेवारीत नवेगावबांध. आपल्या तलावाचे आकडे हातात असले की तिथे गेल्यावर मुले पक्ष्यांची यादी मागत नाहीत, ती काय मोजायचे ते विचारतात. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधल्याचे परंपरेने सांगतात. तो नैसर्गिक नाही, माणसांनी अडवलेला आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि असे हजारो तलाव सरकारकडे गेले. त्यानंतर गाळ कोणी काढायचा हा प्रश्न आजवर सुटलेला नाही, आणि आठवीच्या नागरिकशास्त्रात तो बसतो.

सुरक्षेविषयी थोडक्यात : गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कोणी उतरू नये, पायाला जखम असलेल्या मुलांनी अजिबात उतरू नये, आणि खाण्याआधी साबणाने हात धुवावेत, कारण जनावरे बसतात त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. गाळ काढताना झालेले खड्डे वरून दिसत नाहीत. ते कुठे आहेत हे डोंगा चालवणाऱ्यालाच विचारावे. दिवड निघाली तर ती बिनविषारी असते, पण मुलांनी ओळखपरीक्षा देण्याची ती जागा नव्हे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : शिक्षिका, अर्जुनी मोरगाव तालुका

सर्वांचे आभार. धान कापणी संपेपर्यंत थांबून आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गावच्या तलावावर गेलो, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

संस्थेच्या अध्यक्षांना आधी भेटले. त्यांनी एका अनुभवी मावशींना पाठवले आणि मानधन आम्ही सहलनिधीतून दिले. मुख्याध्यापकांनी त्यावर प्रश्न विचारला, तेव्हा मागच्या वर्षीची सहल-व्यावसायिकाची पावती त्यांच्यापुढे ठेवली. मुलींसाठी पाळीजवळच्या एका घरी सोय केली.

सकाळी पावणेसातला पाण्यावर वाफ होती आणि मुले कुडकुडत होती. प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या जरा खाली आला. आठ गटांपैकी सहा गटांनी दुपारचा अंदाज त्याहूनही कमी लिहिला होता, कारण पाणी तापले की वायू निघून जातो हे त्यांना सरांच्या आकड्यांवरून मी आदल्या दिवशी शिकवले होते. दुपारी एकला ८ च्या वर आकडा आला. दोन्ही गोष्टी खऱ्या असून उत्तर उलटे कसे आले, यावर पाळीवर बसून जी वादावादी झाली तशी माझ्या वर्गात अकरा वर्षांत झालेली नाही. पाण्याखालची हायड्रिला उन्हात बुडबुडे सोडते आहे, हे शेवटी मावशींनीच बोट दाखवून दाखवले.

मध्येच एक घोंगल्या फोडा (गोगलगायी खाणारा करकोचा) उतरला आणि आमच्यापासून साठ-सत्तर पावलांवर शिंपल्यासारखे काहीतरी उचलून चोचीत धरून उभा राहिला. मागच्या वर्षी त्याचे नाव सगळ्यांनी वहीत लिहिले होते. या वेळी एका मुलाने काठावरच्या रिकाम्या गोगलगायी गोळा केल्या आणि त्या फुटलेल्या नसून आतून रिकाम्या झाल्या आहेत, हे दाखवायला तो माझ्याकडे धावत आला.

फसलेली गोष्टही सांगते. दोन ताटांचा प्रयोग अपेक्षेप्रमाणे झाला नाही. बेशरमीच्या बाजूला लाल अळ्या मिळाल्या, पण चतुराची पिल्लेही कमळांच्या बाजूपेक्षा कमी नव्हती. मुलांनी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. मावशींचे म्हणणे असे की बेशरमीच्या बुडख्यांत लपायला जागा असते आणि बगळा तिथे शिरत नाही. आम्ही ते वहीत तसेच लिहिले आहे. नवेगावबांधसाठी आगारात अर्ज दिला आहे. मार्चच्या फेरीसाठी गाळण्या वाळवून शाळेच्या कपाटात ठेवल्या आहेत. सर, बेशरमीच्या ताटाविषयी आपले मत कळवावे, मुले रोज विचारतात.